न मावलेली ओळ

गेल्या महिन्यात एका रविवारी दुपारी मी जुन्या फाइली उघडून एकेकीची पीडीएफ करत बसले होते. मायक्रोसॉफ्टचे पब्लिशर हे पाने जुळवायचे सॉफ्टवेअर मी घरी आणि कॉलेजच्या ग्रंथालयात मिळून वीसएक वर्षे वापरले, आणि ऑक्टोबर २०२६ नंतर ते पुढे चालवणार नसल्याचे कंपनीने जाहीर केले आहे. त्यातल्या फाइली दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडतात, पण धड उघडतीलच असे नाही. म्हणून भाड्याचे घर सोडताना भांडीकुंडी मोजून घ्यावीत तशी ही आवराआवर चालली होती. बाहेर ऊन मी म्हणत होते आणि कूलरच्या गवताचा ओला वास खोलीभर पसरला होता. हळदीकुंकवाची निमंत्रणे, वास्तुशांतीची कार्डे, ग्रंथालयाच्या कपाटांवर चिकटवायच्या विषयवार पट्ट्या, वाचन प्रेरणा दिनाची भित्तिपत्रके, कोणाच्या तरी सेवानिवृत्तीचे मानपत्र असे एकेक करत मी ‘पत्रिका अंतिम ३’ या फाइलीपाशी आले. माझ्या भाच्याच्या, म्हणजे भावाच्या थोरल्या मुलाच्या, लग्नाची ती पत्रिका. २०२२ च्या वैशाखातली. तिच्याकडे कौतुकाने पाहत मी सहज निमंत्रकांच्या नावांच्या चौकटीवर क्लिक केले. चौकटीचे कोपरे लाल झाले, आणि कडेला तीन टिंबांची एक इवलीशी खूण उगवली.

ही खूण मला चांगली ठाऊक आहे. चौकटीत मावला नाही इतका मजकूर खाली शिल्लक आहे, एवढाच तिचा अर्थ. मी चौकटीची खालची कड धरून बोटभर ओढली, तशी पडद्यामागून कोणी हळूच पुढे यावे तशी एक ओळ खाली उतरली. ‘गं. भा.’ आणि त्यापुढे माझ्या आत्याचे पूर्ण नाव.

कपाटातून छापलेली पत्रिका काढून नावे मोजली. सतरा. फाइलीत अठरा होती.

सहाशे पत्रिका छापल्या होत्या. पहिली तुळजापूरला देवीपुढे ठेवली, बाकीच्या हळदीकुंकवाची बोटे लावून परभणी, जिंतूर, मानवत, जालना असे करत घरोघर गेल्या. त्यांतल्या एकीवरही माईआत्याचे नाव नव्हते, आणि चार वर्षांत हे मला कोणी सांगितले नव्हते. भावानेही नाही, वहिनीनेही नाही, आणि जिने आमची आई दवाखान्यात असताना सलग दोन वर्षे त्या भावाला पाठीला बांधून रानातली कामे केली, त्या माईआत्यानेही नाही. त्यांना दिसले नव्हते की दिसूनही ते बोलले नव्हते, यांतले कोणते अधिक वाईट हे मला त्या दुपारी ठरवता आले नाही आणि अजूनही येत नाही.

चूक कशी झाली हे शोधायला मात्र फार वेळ लागला नाही. पत्रिका मी घरच्या तेव्हाच्या संगणकावर जुळवली होती. तिथे मी उतरवून घेतलेला एक सुबक देवनागरी फॉन्ट होता आणि त्यात अठरा ओळी चौकटीत नेमक्या बसल्या होत्या. इतक्या नेमक्या, की मीच माझ्यावर खूश झाले होते. दुसऱ्या दिवशी फाइल पेनड्राइव्हवर घेऊन कॉलेजात गेले, कारण छापखान्याला पाठवायची पीडीएफ मी नेहमी तिथूनच करत असे. कॉलेजच्या संगणकावर तो फॉन्ट नव्हता. ज्या यंत्रावर फॉन्ट नसतो तिथे असेल तो दुसरा त्याच्या जागी येऊन बसतो, आणि त्या दुसऱ्याची ओळ पाव मिलिमीटरने उंच होती. वेलांटी, मात्रा आणि रफार यांना वर जागा हवी, उकार आणि ऋकारांना खाली हवी, त्यामुळे देवनागरीत कुठल्या फॉन्टची ओळ किती उंच हे इंग्रजीपेक्षा कितीतरी जास्त बदलते. पाव मिलिमीटरला अठराने गुणले की एक ओळ होते. अक्षरांचे वळण बदलल्याचे माझ्या लक्षात आले होते. पण छापखान्याचा माणूस दोनदा फोन करून गेला होता, वाचकांची रांग समोर होती, आणि हेही वळण काही वाईट नाही असे म्हणून मी पीडीएफ पाठवून दिली. लाल खूण तेव्हाही तिथे असणारच. चौकटीवर क्लिक केल्याशिवाय ती दिसत नाही, आणि मी क्लिक केले नाही. छापण्यापूर्वी चुका दाखवणारी तपासणीची एक सोयही त्या सॉफ्टवेअरमध्ये आहे. तीही मी चालवली नाही.

या सगळ्यात मला राहून राहून आमच्या सेलूचा तो छापखाना आठवत राहिला. स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर पत्र्याच्या एका लांबट खोलीत तो होता. दारातच शाई आणि रॉकेल यांचा मिळून एक वास यायचा आणि आत ट्रेडल मशीन खटाक-खट खटाक-खट करत असायचे. भिंतीला टेकवून खिळ्यांच्या, म्हणजे शिशाच्या सुट्या अक्षरांच्या, उतरत्या पेट्या मांडलेल्या असत. आपल्या लिपीत जोडाक्षरे, काने-मात्रे, अर्धी अक्षरे यांचे वेगवेगळे खिळे लागतात, त्यामुळे त्या पेट्यांना इतकी खणे होती की आंधळ्या कोशिंबिरीसारखा हात फिरवून हवा तो खिळा उचलणारे जुळारीमामा मला जादूगार वाटत. डाव्या हातात खिळे जुळवायची स्टिक, उजव्या हाताची बोटे कायमची काळी, आणि उलटे अक्षर सुलटे असल्यासारखे वाचायची सवय. लोक म्हणत, मामा आरशात बघून पेपर वाचतात.

१९८८ साली माझ्या थोरल्या चुलत बहिणीच्या लग्नाचा मजकूर घेऊन अप्पा तिथे गेले, तेव्हा मीही बरोबर होते. दोन दिवसांनी मामा सायकलवर घरी आले. हातात प्रूफ, प्रुफावर अंगठ्याचा काळा ठसा. ते ओसरीवर टेकले आणि म्हणाले, “गुरुजी, तीन नावं बसंनात. कोनती काढू ते सांगा.” अप्पांनी कागद मांडीवर घेतला आणि ते बराच वेळ नुसते बघत राहिले. आतून आई, काकू, आजी यांची कुजबुज सुरू झाली. अमक्याचे काढले तर तो लग्नाला येणार नाही, तमक्याचे काढले तर त्याची बायको पुढची दहा वर्षे बोलून दाखवील, आणि तिसऱ्याकडून तर लग्नासाठी उसने पैसे घेतलेले. कार्ड मोठे घ्यायचे तर खर्च वाढत होता. शेवटी अप्पांनी पेन्सिल उचलली आणि म्हणाले, “नाव एकही काढू नका. सगळ्यांचे श्री. काढा.” श्री. गेल्यावर नावे आखूड झाली, सहा नावे तीन ओळींत जोडीजोडीने बसली, आणि तीन ओळी मोकळ्या झाल्या. जाताना मामा हसून म्हणाले, “श्री काढल्यावर मानूस उघडा पडतो, गुरुजी.” ते खरेच ठरले. आमचे एक चुलत काका हातात पत्रिका नाचवत दारात उभे राहिले आणि “आमचं श्री कुणी खाल्लं?” म्हणून त्यांनी गल्ली गोळा केली. पुढे किती तरी वर्षे तो आमच्या घरातला विनोद होता.

त्या पत्रिकेत शेवटच्या दोन ओळी आजीच्या आणि माईआत्याच्या होत्या. सगळ्यांचे श्री. गेले, त्या दोघींचे गं. भा. मात्र जिथल्या तिथे राहिले. तेही काढावे हे कोणाच्या डोक्यात आले नाही.

शिशाच्या खिळ्याला एक गुण होता. तो मावला नाही तर मावला नाही. त्याला चौकटीच्या मागे दडवता येत नसे. ओळ बसली नाही की जुळाऱ्याचा हात थांबायचा, मग त्याला सायकल काढावी लागायची, आणि ज्याच्या घरचे कार्य त्याला ओसरीवर बसून, कोणाला जागा द्यायची आणि कोणाला नाही, हे दहा माणसांदेखत ठरवावे लागायचे. ते दिवस चांगले होते असे मला मुळीच म्हणायचे नाही. एका पत्रिकेला आठवडा जायचा, ‘लक्ष्मी’तला ‘क्ष्म’ मोडका असायचा, आणि मामांना म्हातारपणी डोळ्यांनी दगा दिला. पण आमच्या घरातले तीन माणसांची नावे काढायची की ठेवायची हे भांडण त्या शिशामुळे वेळेवर झाले, एवढे मला आता दिसते.

कागदावर कापून-चिकटवून पान जुळवायचे काम काचेच्या पडद्यावर आले ते १९८५ साली. त्या वर्षी अमेरिकेत सिअ‍ॅटलच्या आल्डस कंपनीने पेजमेकर आणले, आणि तिचे संस्थापक पॉल ब्रेनर्ड यांनी या उद्योगाला ‘डेस्कटॉप पब्लिशिंग’ हे नाव दिले, ज्याचे आपण डीटीपी केले. ब्रेनर्ड मूळचे वर्तमानपत्राच्या धंद्यातले, आणि कंपनीला त्यांनी नाव दिले ते सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला व्हेनिसमध्ये खिशात मावणारी पुस्तके काढणाऱ्या आल्डस मानुटिअस या मुद्रकाचे. मला हे सगळे फार नंतर कळले. नव्वदीत परभणीला ‘येथे डीटीपीची कामे करून मिळतील’ अशा पाट्या लागल्या, तेव्हा मी एका संस्थेत तीन महिन्यांचा वर्ग लावला होता. सेलूहून सकाळच्या गाडीने जायचे, मानवत रोडला गर्दीत उभे राहायचे, आणि परभणीला पोचल्यावर बहुधा वीज गेलेली असायची. वीज आली की मास्तर पेजमेकर उघडत. पानाच्या चारी बाजूंनी मोकळा पांढरा पट्टा दिसे. त्याला पेस्टबोर्ड म्हणतात. पानावर न लागलेला मजकूर, जादाची चित्रे, आयत्या वेळी उपयोगी पडतील अशी नक्षीची फुले तिथे टाकून ठेवायची. “तिथं ठेवलेलं छापून येत नाही, पण हरवतही नाही,” असे मास्तर म्हणत. मला ते वाक्य तेव्हा फार आवडले होते.

त्या काळी मराठी टाइप करायचे म्हणजे श्रीलिपी, आकृती किंवा आयएसएम यांपैकी एक सॉफ्टवेअर. प्रत्येकाचे संकेत निराळे, त्यामुळे एकात टाइप केलेला ‘कुलस्वामिनी प्रसन्न’ दुसऱ्याच्या संगणकावर उघडला की इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा उकिरडा दिसे. युनिकोड, म्हणजे सगळ्यांना एकच संकेत, रुळल्यावर ती ददात संपली, तरी खोडी उरल्याच. कितीतरी फॉन्टांत ल आणि श हिंदी वळणाचे निघतात आणि आपल्या डोळ्याला ते परक्या घरच्या माणसासारखे वाटतात. पत्रिकेत हमखास लागणारा शब्द ‘वऱ्हाड’. त्यातला चंद्रकोरीसारखा अर्धा र कसा काढायचा हे ठाऊक नसल्यामुळे मराठवाड्यातली कितीतरी वऱ्हाडे डोक्यावर रफार घेऊन ‘वर्हाड’ म्हणून निघाली. तो र काढायला नुक्ता असलेला ऱ आधी टाइप करून मग पाय मोडावा लागतो, हे मला एका विद्यार्थिनीने शिकवले, आणि त्या दिवशी मी ग्रंथालयात पुढच्या अर्ध्या तासात तऱ्हा, कऱ्हाड, दऱ्याखोऱ्या, बिचाऱ्या असे सुचतील तेवढे शब्द लिहून पाहिले होते.

ग्रंथालयात रुजू झाल्यावर माझ्या वाट्याला पब्लिशर आले. पेजमेकरसमोर बसताना आपण परीक्षेला बसलो आहोत असे वाटे. याच्यासमोर तसे वाटले नाही. पानांची मांडणी हा ज्यांचा धंदा नाही अशा माणसांसाठीच ते १९९१ साली काढलेले. काय करायचे आहे, कार्ड की पत्रक की वार्तापत्र, असे ते आधी विचारायचे, मग तयार नमुने पुढे ठेवायचे, आणि आपण फक्त नावे बदलायची. ‘पुस्तके वेळेवर परत करावीत’ ही सूचना मी पहिल्यांदा त्यात वेलबुट्टीच्या किनारीसह छापली, तेव्हा वाचकांनी ती वाचली नाही पण पाहिली तरी. पहिली दोनतीन वर्षे मी एका पानात पाच फॉन्ट, दोन सावल्या आणि एक इंद्रधनुषी शीर्षक घालत असे. ती पाने आता उघडली की जुन्या लग्नातले स्वतःचे फोटो पाहिल्यासारखे होते. त्या नमुन्यांत एक गोष्ट मात्र मला नेहमी अडायची. नावासाठी ठेवलेली जागा ही तिकडच्या दोन शब्दी नावाच्या मापाची असे. आपल्याकडे माणसाचे स्वतःचे नाव, वडिलांचे नाव, आडनाव, आधी श्री. किंवा सौ. किंवा ह. भ. प., मागे कंसात ‘माजी सरपंच’ नाहीतर ‘सेवानिवृत्त केंद्रप्रमुख’. त्या तयार चौकटीत आमच्या गावातला एकही माणूस अंग चोरल्याशिवाय मावत नाही.

कॉलेजचा वार्षिकांक मी पाच वर्षे केला. सोळा पाने, मध्ये पिन. पहिल्या वर्षी मी पाने ओळीने छापून घेतली आणि दुमडल्यावर चौथे पान तेराव्याच्या जागी गेले. छापखान्यातल्या मशीनवाल्याने एक कागद तीनदा दुमडून माझ्या हातात दिला आणि म्हणाला, “मॅडम, सोळाचा अंक असंल तर शेजारीशेजारी छापायच्या पानांची बेरीज सतरा आली पायजे.” पहिले आणि सोळावे, दुसरे आणि पंधरावे, तिसरे आणि चौदावे. हे एकदा कळले की पानांची संख्या चारने भागली गेली पाहिजे हेही आपोआप कळते, आणि मग सतरावे पान भरेल एवढा मजकूर हाती आला की कोणाचे तरी काहीतरी गाळावे लागते. मी बहुतेक वेळा कविता गाळत असे. ज्या मुलींच्या कविता गाळल्या त्या नंतर पुस्तक बदलायला येताना माझ्याकडे न पाहता पावती पुढे सरकवत. वरिष्ठांचा फोटो मात्र दर वर्षी थोडा मोठा होत गेला. “बॉर्डर बारीक करा, फोटोला जागा होईल,” असा निरोप शिपायाबरोबर यायचा.

आता चौकाचौकात फ्लेक्स लागतात त्यांचेही तेच. वाढदिवसाचा फलक असतो, मध्ये पुरुषभर उंचीचे वाढदिवसवाले, त्यांच्या डोक्यावर नेत्यांची रांग, आणि खाली शुभेच्छुकांची गोल गोल मुंडकी. आमच्या ओळखीचा एक फ्लेक्सवाला मुलगा रात्री ही कामे करतो. त्याने मला एकदा फाइल उघडून दाखवली; बेचाळीस मुंडकी होती आणि प्रत्येकाचा व्यास ठरलेला होता. कोणाला किती मोठे करायचे याचा कागद वेगळा आला होता. आम्ही बघत असतानाच फोन वाजला, कोणाचे तरी रात्रीतून बिनसले होते, आणि मुलाने एक मुंडके निवडून बटण दाबले. उरलेली एकेचाळीस त्याने माऊसने जराजरा सरकवून घेतली. जागा कुठे होती हे कळलेसुद्धा नाही. मला तेव्हा हसू आले होते.

आजच्या मुली तर हे सगळे मोबाइलवर कॅनव्हात करतात, बसमध्ये उभ्या उभ्या, एका हाताने दांडी धरून. मी त्यांच्याकडून पुष्कळ शिकते. मुक्त परवान्याच्या स्क्रायबस या सॉफ्टवेअरमध्येही मी सध्या हात बसवून पाहते आहे. त्यातही न मावलेल्या मजकुराची खूण आहेच, चौकटीच्या कोपऱ्यात. म्हणजे दोष सॉफ्टवेअरवर ढकलण्याची सोय मला कुठेच नाही. आणि खरे सांगायचे तर त्या रविवारी फॉन्टचा, पाव मिलिमीटरचा हिशेब मांडून झाल्यावर मला थोडे हायसेच वाटले होते. तांत्रिक चूक होती असे भावाला फोनवर सांगताही आले. तो म्हणाला, “जाऊ दे ना, ताई, आता चार वर्षं झाली.” फोन ठेवल्यावर मात्र पुन्हा तीच ओळ समोर. चौकटीत जो मजकूर मावत नाही तो नेहमी शेवटचा असतो. पहिले नाव कधीही गळत नाही. अठरा जणांत माईआत्याला अठरावी यंत्राने केले नव्हते. ती यादी भावाच्या सांगण्यावरून मी टाइप केली होती. आधी कर्ते पुरुष, मग त्यांचे भाऊ, मग जावई, मग नोकरीवाले भाचे, आणि सगळ्यांत शेवटी ती. टाइप करताना माझा हात थांबला नव्हता. १९८८ च्या पत्रिकेतही ती शेवटच्याच ओळीत होती आणि त्याआधीच्या एखाद्या पत्रिकेत आजीची सासू तशीच असणार.

मी चौकट वाढवली, नवी पीडीएफ केली आणि जाड कागदावर एक प्रत काढली. तिचे नाव वर घ्यावे असे मनात आले, दोनदा घेऊनही पाहिले, पण मग ती पत्रिका खोटी वाटायला लागली, म्हणून पुन्हा खाली नेले. चौकट वाढवण्यासाठी खालची मोगऱ्याची वेल लहान करावी लागली. ती वेल मी त्या नमुन्यातून हौसेने उचललेली होती आणि तिची उंची साडेतीन सेंटिमीटर होती. नावाला अर्धा सेंटिमीटरही लागला नाही.

पुढच्या रविवारी मी गावी गेले. दुधनेचे पात्र कोरडे होते आणि पुलावरून जाताना बसमध्ये तापलेली वाळू उडून आल्यासारखे वाटत होते. माईआत्या सोप्यात चिंचा फोडत बसली होती. एका बाजूला टरफले, एका बाजूला चिंचोके, आणि तिची बोटे चिकट तपकिरी. मी शेजारी बसून बत्ता हातात घेतला. बराच वेळ आम्ही ऊन, पाणी, कोणाच्या सुनेचे बाळंतपण असे बोलत राहिलो, आणि मग मी पिशवीतून ती प्रत काढून तिच्यापुढे धरली. तिने बोटे पदराला पुसली, कागद डोळ्यांपासून लांब नेला आणि वरपासून एकेक नाव पुटपुटत वाचत खाली आली. ती चौथीपर्यंत शिकलेली आहे.

“हे तर त्याच्या लग्नाचं,” ती म्हणाली. “आता कामून छापलं?”

मी सगळे सांगितले. फॉन्ट, चौकट, लाल खूण. तिला त्यातले किती कळले कोण जाणे, पण ती मान हलवत राहिली.

“पत्रिका आली तवाच बघितलं होतं मी,” ती म्हणाली. “वाटलं, जागा नसंल.”

“मग बोलली का नाहीस, माईआत्या?”

“लग्नाच्या घरात काय बोलावं, बाई.”

तिने दोनचार चिंचा फोडल्या. मग पुन्हा कागद जवळ ओढला आणि शेवटच्या ओळीवर बोट ठेवले. नावावर नाही, त्याच्या आधीच्या दोन अक्षरांवर. चिंचेचा ओलसर डाग तिथे उमटला.

“हे पुढचं काढता येतंय का तुझ्या मशीनीत?”

“येतंय,” मी म्हटले.

“मंग ते काढ. आन् नुसतं नाव ठिव.” तिने प्रत माझ्याकडे परत केली आणि चिंचेची पुढची मूठ पुढ्यात ओढली.